बाबांनी टाकलेल्या वायरी

३ मार्च, सोमवार
पुन्हा तेच. "ऐकू येतंय का? — चिमणे — हॅलो —" आणि ताई गायब. परत लावला तर म्हणाली, "राहू दे गं, कॅमेरा बंदच ठेवते मी. तुमचं नेट नाही ओढत." परदेशात बसलेली एकुलती एक बहीण, आणि तिचा चेहरा धड पाहून कित्येक महिने झाले!
हे म्हणतात, कंपनी बदलू. कंपनीतली बाई म्हणते, "राउटर बंद करून चालू करा, मॅडम." करून करून बोट झिजलं.

५ मार्च, बुधवार
लाइनमन आला. राउटर वर, ताईच्या जुन्या खोलीत होता. तो काढून त्याने खाली दाराजवळ, रस्त्यावरची तार घरात शिरते त्या पेटीला थेट जोडला. नेट पळायलाच लागलं.
"बाहेरची लाइन ठणठणीत आहे. दोष घरातला. या पेटीतून खोलीखोलीत जुन्या फोनचे फाटे गेलेत. कोणी केलं हे?"
"वडिलांनी."
म्हणाला, बोलण्यापुरत्या ठीक होत्या या वायरी. पण इंटरनेटचा सिग्नल प्रत्येक फाट्यात शिरतो, टोकाला आपटून मागे येतो आणि सगळा गोंधळ करतो. त्यात सांधे गंजलेले. "फाटे सोडवा आणि राउटर इथेच ठेवा." सोडवून दिलेही त्यानेच.
आता भिंतीवरच्या वायरी नुसत्याच. हे म्हणाले, "शनिवारी उपटून टाकू."

८ मार्च, शनिवार
दिवसभर वायरी काढल्या.
बाबा डोळ्यांसमोरून हलेनात. कचेरीतून आले की बनियनवर, हातोडी घेऊन, गुडघ्यांवर. तोंडात खिळे, त्यामुळे आईच्या प्रत्येक प्रश्नाला "हं". पहिला फाटा स्वयंपाकघरात टाकला — फोन वाजला की आई बाहेर धावायची आणि दूध उतू जायचं, म्हणून. मग त्या फोनला कायम कणकेची बोटं.
ताई कॉलेजात गेली आणि तिच्या खोलीतही फोन आला. ती तासन्‌तास मैत्रिणीशी बोलायची. मैत्रिणीचा आवाज चांगलाच घोगरा होता! एकदा बाबांनी खालचा फोन उचलला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आता हिला जेवू द्या." ताई लाजून चूर झाली. भावोजी होते तोवर दर भेटीत सांगायचे, "मी तिकडे फोन धरून चक्क उभा राहिलो!"
माझ्या खोलीतला फाटा सगळ्यात शेवटचा. मला कोणाचेच फोन यायचे नाहीत. तरी बाबा म्हणाले, "तुझ्याकडेही हवा." ऑफिसातून तेच लावायचे. "चिमणाबाई आहेत का?" मी आवाज बदलून म्हणायची, "बघते हं, थांबा."
वायरीवर रंगाचे थरच थर. ओढली की पापुद्रे निघायचे — हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली आईला कधीच न आवडलेला गुलाबी. हे स्टुलावर घामाघूम. "सासरेबुवांचे खिळे आहेत बाई. घर पडेल, हे नाही निघायचे." पण एकेक खिळा जपून काढत होते. उपटला एकही नाही.
भिंतीवर लांब पांढरी रेघ राहिलीय. उद्या रंग लावतो म्हणाले. म्हटलं, राहू दे थोडे दिवस.

९ मार्च, रविवार
अख्खा सिनेमा एकदाही न अडकता! हे खूश. ताईला कळवलं — आमचं नेट सुधारलं, आता लाव कॅमेरा. उत्तर आलं, "आज नको गं."

१० मार्च, सोमवार
आजही नको. आता तिचंच नेट मंद आहे म्हणे.
रागावले जराशी. म्हटलं, बाबांच्या वायरी काढल्या मी, तुला बघायला. मग म्हणाली, "परवा लावते."

१२ मार्च, बुधवार
ताई स्वच्छ दिसली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. भुवया नाहीत. गालांची हाडं वर आलेली.
मी नुसती बघत राहिले. ती पडद्याजवळ वाकली. "अडकलीस का गं?"
"नाही, ताई. दिसतेयस."
हे पलीकडे विमानाचं तिकीट काढतायत. मी बॅग भरतेय.