पायाचा कागद

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. फोटो मिळाला आणि बघून डोकं फिरलं. हा तिसरा फोटो. तिन्हींत गोटूचा डावा पाय उघडा. उजव्यातला मोजा अर्धा निघून शेपटासारखा लोंबतोय. मी इथे दिवसभर लोकांच्या पोरांचे बूट शिवायचे आणि माझा नातू अनवाणी फोटो काढून घेणार. कारखान्यात फोटो नेला तर सगळ्या बाया हसल्या. नाडीची भोकं पाडणारी म्हणाली की आक्का, तुझा नातू एका पायाचा आहे का. मीही हसले, काय करणार. पण दुपारी डबा तसाच परत आणला.

सहा जोड पाठवलेत मी तुला. सहा. जातात कुठे ते? औषधाच्या दुकानात तू एवढ्या एवढ्या गोळ्या देतेस, इकडची तिकडे होत नाही. मग घरातल्या एका पोराचे दोन बूट तुला का सांभाळता येत नाहीत?

आता नीट वाच. मोजा आधी हातात पूर्ण गोळा करायचा. बोटं आत, मग मोज्याची टाच पायाच्या टाचेवर, मग वर. तू घाईत नुसता ओढत असशील. टाच चुकली की पोर दोन मिनिटांत काढतं. मोजा विजारीच्या वरून घे, आतून नको. बूट घालताना जीभ पूर्ण बाहेर ओढ, पाय आत गेला की टाच जमिनीवर दोनदा टेकव आणि मग नाडी बांध. रडला तर रडू दे, रडून कुणाचे पाय गार पडत नाहीत.

आणि नवं माप पाठव. कागदावर त्याला उभा कर, बसवून काढू नकोस, बसलं की पाय आखडतो. पेन्सिल सरळ धर आणि भोवतीनं फिरव. दोन्ही पाय वेगवेगळे काढ.

माझी पोरगी, गोटूची आई, गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हाच मी त्याला इथे आणला असता. पण माझी खोली एक, त्यात सुया आणि आऱ्या पडलेल्या, आणि आठ ते सहा कारखाना. जावई ट्रकवर, महिना महिना रस्त्यावर. म्हणून तो तुझ्याकडे आहे, हे मी विसरत नाही. जानेवारीत आठ दिवस रजा मिळेल, तेव्हा येते.

बोलले ते मनावर घेऊ नकोस, गोटूच्या पायावर घे.

तुझी,
आक्का

*

ता. २० नोव्हेंबर

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र शेजारच्या शिंपीकाकांना वाचून दाखवलं. मी दुकानात असते तेव्हा गोटू त्यांच्याकडेच असतो, म्हणजे निम्मी बोलणी त्यांनाही बसायला हवीत. ते म्हणाले की तुमच्या आक्कांना एक दिवस इथे पाठवा, बघू किती वेळ बूट टिकवतात.

तुला वाटतं मी घाई करते. अगं, तू सांगतेस तसंच घालते, टाचेवर टाच. पण हा माणूस कसबी आहे. उजव्या पायानं डाव्या बुटाची टाच दाबतो, की बूट गेला. मग मोज्याचं टोक दातात धरतो आणि मान मागे घेतो. निघाला की फेकतो. कुणाला देत नाही हो, हात पुढे केला तरी नाही, फेकायचाच. एक मोजा बसमध्ये गेला, दोन गॅलरीतून खाली. एक बूट शिंपीकाकांच्या कापडाच्या ढिगात सापडला, गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीत. आणि काढून झालं की स्वतःच्या बोटांकडे असा बघत बसतो, जशी काही आत्ताच उगवलीत.

शिंपीकाकांनी विजारीला पट्टे लावून मोजे अडकवून बघितले. गोटूनं पट्टेच चावले.

आता खरी बातमी. तो चालला. मंगळवारी संध्याकाळी, कपाटापासून पलंगापर्यंत चार पावलं. अनवाणी. रागावू नकोस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगतात की घरात अनवाणीच चालू द्या, जमीन कळली की पाय धरतो.

माप सोबत आहे. उजव्या पायाचा अंगठा दोनदा आलाय, कारण मध्येच त्यानं बोटं आखडली आणि मग पेन्सिल खाल्ली.

जावयाचं पत्र आलंय. त्यानं लग्न केलंय. बाई बेकरीत काम करते. आता लांबचा ट्रक सोडून गावातल्या गावात गाडी चालवणार आहे. डिसेंबरात गोटूला बघायला येतो म्हणतो. तुला लिहावं की नाही कळेना, मग लिहिलं.

माया करतेस तशीच करत राहा, बोलणी थोडी कमी पाठव.

तुझी,
धाकटी

*

ता. २ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. चार पावलं वाचलं आणि बुटाच्या तळाला गोंद लावायचा राहिला आणि ब्रश हातातच वाळला. मुकादम ओरडला. मी त्याला सांगितलं की डोळ्यात गोंदाची वाफ गेली.

डॉक्टरीणबाईंना म्हणावं, तुमच्या पोराला अनवाणी ठेवा. तुला एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. पोरगी तुमच्याकडच्या दवाखान्यात होती, छाती भरलेली, बोलायला दम पुरत नव्हता. शेवटच्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं की बाळाच्या पायात मोजे आहेत ना. मी हो म्हणाले. नव्हते गं. सकाळी घाईत त्याला तसाच दुपट्यात गुंडाळून शिंपीकाकांच्या बायकोकडे टाकून आले होते. ती हं म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर काही बोलली नाही. म्हणून मी बुटांच्या मागे लागते. मला हौस नाही.

जावयाचं बरं झालं. तरणा आहे, एकट्यानं किती दिवस काढणार. येऊ दे, चहा दे, पोराला मांडीवर घेऊ दे. पण उंबऱ्याबाहेर नेऊ देऊ नकोस. बघायला येतो आणि घेऊन जातो, हे मी पुष्कळ बघितलंय. तसं काही बोलला तर मला आधी कळव. मी आल्याशिवाय काही ठरवायचं नाही, हे तुला बजावून ठेवते.

नवा जोड आजच पार्सल केला. तुझ्या कागदावरून तळ माझ्या हातानं कापलाय, जरा वाढता. नाडी नाही, पट्टा आणि बक्कल आहे, आतून लोकर. हे काढून दाखव म्हणावं.

तब्येतीला जप आणि पोराला दोन हातांनी धर.

तुझी,
आक्का

*

ता. २ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला. दुकानात काम फार होतं.

बूट छान बसले. बक्कल त्याला उघडता येत नाही. घातल्यापासून एकदाही काढले नाहीत. तू म्हणत होतीस तेच खरं. तब्येत चांगली आहे, खातो पितो. जावई येऊन गेला. विशेष काही नाही.

नवं माप सोबत पाठवते आहे.

जानेवारीत येऊ नकोस. न्हाणीघराचे नळ काढलेत, सगळी फरशी उखडलीय, तुला उभं राहायलाही जागा नाही. उन्हाळ्यात ये, मग निवांत राहा.

लोभ ठेव.

तुझी,
धाकटी

*

ता. ११ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद मागून लिहीन. आधी हे सांग, गोटू कुठे आहे?

एकदाही बूट काढले नाहीत असं तू लिहिलंस तिथेच मला खटकलं. तो आणि बूट काढत नाही? मग तुझा कागद उलगडला. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, बाकी मला काही कळत नाही, पण पाय कळतो. चालायला लागलेल्या पोराचा पाय आतल्या बाजूनं भरलेला असतो, पोळीसारखा सपाट. तिथे खोलगट भाग नसतोच, तो पुढे चार-पाच वर्षांनी येतो. तुझ्या कागदावर मध्ये कंबर आहे. बोटांचे उंचवटे नाहीत, पुढे नुसती गोल रेघ. हा पाय नाही. हा माझा तळ आहे. मी कापलेला. पुठ्ठ्याचा नमुना कारखान्यात खिळ्याला अडकवलेला होता, तो काढून तुझ्या कागदावर ठेवला. केसाचा फरक नाही.

आणि उजवा पाय तू डावाच उलटा करून काढलास. दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडाला लावले. कुठल्या जिवंत माणसाचे दोन पाय इतके सारखे असतात? नोव्हेंबरातल्या कागदावर अंगठा दोनदा होता, कडेला लाळेचा डाग होता. तो कागद माझ्या उशाशी आहे. हा कोरा आहे, सुबक आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

त्याला काही झालंय का? झालं असेल तर तेच लिही, फिरवून लिहू नकोस. तो आजारी आहे का? तो आहे का? माझी पोर गेली तेव्हाही सगळे मला सांगत होते की तब्येत चांगली आहे, खाते पिते. तू तेच शब्द लिहिलेस.

पत्र मिळाल्या दिवशी उत्तर टाक.

आक्का

*

ता. १६ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. गोटू बरा आहे. आधी एवढं वाच आणि बस. तो सुखरूप आहे. फक्त माझ्याकडे नाही.

चौदा डिसेंबरला जावई आला, बायकोला घेऊन. मी तुझ्या पत्राप्रमाणे चहा दिला आणि दाराशी बसले, म्हटलं बघू कसा नेतो. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला की मावशी, तुम्ही केलंत ते मी फेडू शकत नाही, पण मूल माझं आहे, आणि आता माझ्याकडे घर आहे. मी म्हटलं, आक्का येईपर्यंत थांब. तो म्हणाला की आक्का आल्या तर नेऊ देणार नाहीत. खरंच होतं ते.

मी त्या बाईला बोलणार होते. वाटेल ते बोलायचं ठरवलं होतं. पण ती खुर्चीवर बसली नाही. खाली बसली, भिंतीला टेकून. गोटूला हाक मारली नाही, हात पसरले नाहीत, खेळणं काढलं नाही. नुसती बसली. तासभर तो कपाटाला धरून तिच्याकडे बघत होता. मग बक्कल ओढून बूट काढला, मोजा दातांनी ओढला, आणि फेकला नाही. चालत गेला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

आक्का, मला त्यानं एकदाही दिला नाही.

तिनं तो हातात घेतला आणि मला विचारलं की हा घालतात कसा, टाच कुठे येते. मी दाखवलं. तू सांगतेस तसंच, आधी गोळा करायचा, मग बोटं, मग टाच. मीच शिकवलं आणि मीच त्याला तयार केला.

जिन्यात डावा बूट पडला. माझ्या लक्षात आलं तोवर गाडी सुटली होती. मी बूट घेऊन वळणापर्यंत पळाले, तशीच, पायात काही नसताना. मग घरी आले आणि त्याच बुटाभोवती तुला माप काढून दिलं. तुला काय लिहावं ते सुचेना, आणि न लिहावं तर तू आली असतीस. न्हाणीघराचे नळ ठीक आहेत. शिंपीकाका माझ्याशी बोलत नाहीत, म्हणतात की आधी आक्कांना खरं लिहा.

जावयानं सांगितलंय की सहा महिने कुणी यायचं नाही. मूल आधी तिला आई म्हणू दे, मग या. माझ्याकडे पत्ता आहे. पण तुला देणार नाही असं मी त्याला कबूल केलंय. मला चल म्हणू नकोस आणि पत्ता मागू नकोस. मारायचं तर मला मार.

तुझी अपराधी,
धाकटी

*

ता. २७ जानेवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. मागच्या वेळी राहिला होता, तो हा.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरली. आधी तुझ्या दारात यायचं, तुला हवं ते बोलायचं, पत्ता काढून घ्यायचा आणि पोराला उचलून आणायचं. मुकादमाला सांगूनही टाकलं की माणूस गेलंय, रजा हवी. मग पिशवीच्या वर तुझं पत्र ठेवायला घेतलं आणि परत वाचलं. मोजा मांडीवर ठेवला तिथपर्यंत आले आणि खाली बसले. पिशवी रिकामी केली. मुकादमाला काय सांगणार, कामावर गेले तशीच, सगळ्या बाया माझं सांत्वन करत होत्या. मी करून घेतलं.

तुझ्यावरचा राग गेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. तू मला विचारायला हवं होतंस. मी नाहीच म्हणाले असते, तरी विचारायला हवं होतंस. पण एक गोष्ट मला दोन दिवसांनी कळली आणि त्याची लाज वाटते. मी आपलं माझा नातू, माझा नातू करते. वर्षभर त्याचं सगळं तू काढलंस. मी बूट पाठवत होते, तू पाय धुवत होतीस. माझी पोर गेली तेव्हा गावभर लोक भेटायला आले. तुझा गेला, तर तुला कुणी भेटायलाही आलं नाही, उलट मी माप मागत बसले. तू बरं जेवत जा. शिंपीकाकांना सांग, आक्कांनी खरं वाचलंय, आता बोला तिच्याशी.

आता माझं ऐक. सहा महिने मी थांबू शकत नाही. त्या वयात दर दोन महिन्यांनी बूट लहान होतो. लोकरीचा एक बूट त्याच्या पायात, एक तुझ्याकडे, म्हणजे आज तिथे त्याला काय घालतात देव जाणे. दुकानातला घेतील, अंगठ्याशी दाबेल तो, पोराला सांगता येत नाही, नुसता काढून फेकेल आणि ती बिचारी रागावेल. तिला काय माहीत.

जावयाला लिही की आक्का आजी म्हणून येणार नाही. रडणार नाही, पोराला जवळ घेणार नाही, त्याच्या आईचं नाव काढणार नाही. कारखान्यातली बूटवाली बाई आहे, लहान मुलांची मापं घेते, असं त्या बाईनं सांगावं. मी दारातच बसेन. तिनं त्याला कागदावर उभा करावा, मी पेन्सिल फिरवीन आणि निघेन. तो मला विसरलाच असेल, त्याला काही कळायचं नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढंही नको असेल तर जावयानं मला तसं स्वतःच्या हातानं लिहावं, तुझ्यामार्फत नको.

तू कबूल केलंयस, म्हणून पत्ता तुझ्याकडे मागत नाही. पण विचारायचं तुलाच आहे, कारण माझं पत्र तो उघडायचा नाही.

माझी माया तुझ्यावर होती तेवढीच आहे. राग वेगळा. फेब्रुवारीतली रजा आठ तारखेला दुपारी बारापर्यंत सांगावी लागते. शनिवार आहे तो. त्याच्या आत मला हो किंवा नाही कळव.

तुझी,
आक्का