पाणी घोट्याएवढंच

१८ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या बाई चॅनेल सोडतायत. खुर्ची रिकामी. इतकी वर्षं हवामानाच्या नकाशासमोर हात हलवत उभा राहिलो, आता बसायचा हक्क माझाच. तीन ब्लेझर शिवून आणले. सौ. म्हणाली, आधी खुर्ची तर मिळू दे. या बाईने आयुष्यात एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर मी आज कुठल्या कुठे असतो.
बुलेटिनमध्ये ठणकावून सांगितलं : उद्या तुरळक सरी.

१९ सप्टेंबर, पहाटे
संपादकांचा फोन. डोंगरात ढगफुटी, पाणी शहरात घुसलं. तुरळक म्हणजे नक्की किती, असं विचारलं. खवचट मेला. वर म्हणाले, पाण्यात उभं राहून लाइव्ह द्या, खुर्चीचं त्यावरून ठरवू.
ठरवा! एका जागी दिवसभर उभा राहीन. मीच मोजपट्टी. प्रेक्षकांनी माझे पाय बघायचे आणि पाणी किती चढलं ते ओळखायचं. ही आयडिया ऑफिसातल्या एका तरी ठोंब्याला सुचली असती का?

सकाळी ८
वाचनालयाची सगळ्यात खालची पायरी. पाणी घोट्याएवढं. समोर रस्त्यावर कॅमेरामन, गुडघाभर पाण्यात. मी मनातल्या मनात त्याला कुरकुऱ्या म्हणतो. पाय फ्रेममध्ये आलेच पाहिजेत, अशी तंबी दिली.
लाइव्ह झकास. स्टुडिओतून बाईंनी विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? जसा काही मी बालवाडीत आहे.
नंतर एक पायरी वर आलो. उजेडासाठी.

सकाळी १०
आणखी दोन पायऱ्या वर. अँगलसाठी.
पाणी घोट्याएवढंच. प्रेक्षकांना सांगितलं, पाणी स्थिर आहे, घाबरू नका. कुरकुऱ्या मात्र कमरेपर्यंत बुडालेला. एका हाताने कठडा धरतो, फ्रेम हलते. म्हणे पाणी ओढतंय. मुळात बुटका आहे, त्याला मी काय करणार?
सौ.ला फोन केला. आमची बिल्डिंग याच रस्त्यावर आहे, पुढच्या जराशा चढावर, आणि आम्ही तळमजल्याला. बजावलं, एकही वस्तू हलवायची नाही, लोक हसतील. आणि माझ्या ब्लेझरच्या कपाटाला तर हातसुद्धा लावू नकोस. बरं म्हणाली. वाद न घालता! टीव्हीवर दिसलं की घरातही वजन वाढतं.

दुपारी १२
सगळ्यात वरची पायरी. आता काही झालं तरी हलणार नाही. शपथ.

१२ वाजून ५
दाराच्या आत आलो. आवाजासाठी. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पाय पुसून या. लोकांना कशाचं काय!
लगेच तिथेही पाणी आलं, पण अजूनही घोट्याएवढंच. ओसरायची चिन्हं आहेत, असं सांगून टाकलं. तेवढ्यात रेस्क्यूची बोट आली आणि कुरकुऱ्या कॅमेरा डोक्यावर धरून तीत चढला. मला विचारलंसुद्धा नाही. गद्दार. मग मीही चढलो. कव्हरेजसाठी.

२० सप्टेंबर
घरी खिडकीपर्यंत चिखल. सौ.ला हाका मारत जिन्याने वर धावलो.
सगळे गच्चीवर! तळमजल्यावरची सगळी माणसं, सगळं सामान, सोसायटीच्या चेअरमनच्या अंथरुणाला खिळलेल्या आईसुद्धा. चेअरमननी मला मिठी मारली. तुमच्यामुळे वाचलो म्हणाले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही रडू आलं.
सौ.ने फक्त माझं कपाट खाली ठेवलं. हात लावू नकोस म्हणाला होतात ना, म्हणते. तिन्ही ब्लेझर चिखलात. असो. शिंपी कुठे पळून जात नाही.

२१ सप्टेंबर
मीटिंग. संपादकांनी माझे सगळे लाइव्ह एकापाठोपाठ एक लावले. माझ्या मागचं दार दर वेळी जवळ येत होतं. ऑफिस खिदळलं. कुरकुऱ्या सगळ्यात मोठ्याने.
मी हुकमाचा पत्ता काढला : चेअरमनना फोन लावला आणि स्पीकर ऑन केला. म्हटलं, माझ्या रिपोर्टिंगमुळे अख्खी बिल्डिंग कशी वाचली, ते जरा आमच्या संपादकांना सांगा.
त्यांनी मनापासून सांगितलं. सौ.ने म्हणे सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं होतं. वहिनी म्हणाल्या, हे एक पायरी वर चढले की आपण आणखी सामान वर न्यायचं, आणि दारात शिरले की माणसं गच्चीवर. तसंच केलं. एक चमचाही वाहून गेला नाही.
संपादकांनी विचारलं, पण हे तर पाणी स्थिर आहे असं सांगत होते ना?
चेअरमन म्हणाले, असतील सांगत. सामान उचलताना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून आवाज बंद ठेवला होता. आम्ही फक्त यांचे पाय बघत होतो.
खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसणार आहे. मला नकाशाही नाही. यापुढे कायम फील्डवर.
घरी सौ. कपाट धूत होती. जाब विचारला, मी फोनवर इतकं बजावूनही माझ्यावर विश्वास नव्हता का?
म्हणाली, होता ना, पूर्ण होता. पाण्याला तुमच्याआधी कोणी घाबरणार नाही, याची मला खात्रीच होती.