बिनबर्फाचा ऑगस्ट

फेअरली,
१९ ऑगस्ट

प्रिय मार्जरी,

तुझी कंबर कशी आहे? तिकडे नेल्सनला ऊन असेल, म्हणजे तू बागेत वाकत असणारच, आणि डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणून जरा जास्तच. इथे आम्ही सगळे बरे आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते सांगताना मध्ये कुणी बोललं तर माझा धीर सुटेल. ते वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी धास्ती आहे. तेव्हा आधी हवापाणी.

हवा म्हणशील तर यंदा ऐन हिवाळ्यात बर्फच नाही. स्की क्लबच्या झोपडीपासून थेट माथ्यापर्यंत नुसतं पिवळं गवत. संडासामागच्या सावलीत एक मळका ढीग उरला होता, त्याचा माझ्या लिनेटच्या मुलांनी बर्फाचा माणूस केला. तो गुडघ्याएवढा झाला आणि आम्ही जेवून येईपर्यंत गेला. तरीही डेझमंडनं सगळ्या कुटुंबांनी झोपडीत राहायचा आठवडा रद्द केला नाही. अध्यक्ष झाल्यापासून तो हवामानालासुद्धा क्लबचा सभासद समजतो. त्यामुळे भांडी घासायच्या पाळ्या ठरल्या, आणि आम्ही सगळे शहाणे गाडीच्या टपावर स्की बांधून वर गेलो.

स्की टपावरच राहिल्या. आम्ही भटकलो. ओढ्यात ईल मासे धरायला गेलो, तिथे वॉरिक पाण्यात बसला. मुलांना ताडपत्रीवर बसून उतारावरून घसरायचं होतं, तेव्हा पुढे कोण बसलं, तर वॉरिक. कड्यापलीकडे कुठेतरी बर्फ असेल म्हणून दुपारभर चढलो, पलीकडे फक्त मेंढ्या होत्या, आणि उतरताना माझी पिशवी वॉरिकनं घेतली. तू म्हणशील, या पत्रात वॉरिक फार वेळा येतोय. येतोय खरा. माझ्या आयव्हनचा जुना दोस्त, तो होता तेव्हापासून दर हिवाळ्यात येतो, त्यात नवीन काय? पुढे वाच.

शनिवारी शर्यत होती. क्लबची शर्यत आजवर चुकलेली नाही, म्हणून ती गवतावर घ्यायची ठरली. फिरत्या दोरानं वर जायचं आणि चहाचा ट्रे, ताडपत्री, जे मिळेल त्यावर बसून खाली यायचं. आता तो दोर तुला आठवत असेलच. कमरेच्या पट्ट्याचा लोखंडी चिमटा दोरावर आवळला की तो माणसाला ओढत डोंगरावर नेतो. पायांत स्की असतील तर माणूस नुसता घसरत जातो. पायांत गंबूट असतील तर मात्र दोराच्या वेगानं पळावं लागतं, हे इतक्या वर्षांच्या अनुभवी मंडळींना इंजिन सुरू झाल्यावर कळलं.

डेझमंड कसाबसा पोचला. मी अर्ध्यातच चिमटा सोडला आणि बाजूला बसकण मारली. वॉरिक माझ्या पुढे होता. मला लागलं का ते बघायला तो मागे वळला आणि स्वतःच पडला. त्याचा चिमटा काही सुटेना. दोरानं त्याला गवतातून नेलं, दगडांवरून नेलं आणि शेवटी काटेरी झुडपांच्या रांगेतून नेलं. लिनेटनं धावत जाऊन इंजिन बंद केलं, तेव्हा वॉरिक झुडपांच्या वरच्या बाजूला होता आणि त्याची पॅन्ट खालच्या.

मार्जरी, आता बसून घे. त्यानं आत हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची लोकरी विजार घातली होती. तू विणलेली. आयव्हनची. वर्षानुवर्षं आयव्हन ती घालून झोपडीभर फिरायचा, त्यामुळे ती न ओळखणारा माणूस त्या डोंगरावर नव्हता.

मग डेझमंड म्हणाला, "ही आयव्हनची विजार."

"हो," वॉरिक आडवा पडूनच म्हणाला. "ग्लेनिसनं दिली. थंडी वाजत होती."

"थंडी कुठाय? बर्फाचा पत्ता नाही."

"रात्री वाजते," वॉरिक म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लिनेट माझ्याकडे बघत राहिली. मग ती गवतात बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आई, तरीच मेली तुझी गाडी कायम त्याच्या दारात," एवढंच म्हणाली. तिला संशय होता तर!

त्यानंतर शर्यत झाली. कोण जिंकलं मला ठाऊक नाही, कारण मी झोपडीत वॉरिकचे काटे काढत होते. ते कुठे कुठे रुतले होते ते लिहीत नाही. तो बाकावर पालथा पडलेला, तोंड उशीत. तसाच म्हणाला, "ग्लेनिस, आता लपवायला काहीच उरलं नाही. लग्नच करू या." अशा अवस्थेत कुणी मागणी घालतं का? मी म्हटलं, हलू नकोस. मग चार काटे काढले आणि हो म्हटलं.

आयव्हनचे बाकी सगळे कपडे मी देऊन टाकले होते, ती विजार तेवढी ठेवली होती. वॉरिकला दिली ती विसर पडला म्हणून नाही. इतकी चांगली लोकर कपाटात पडून राहावी हे बघवेना. आयव्हनची आठवण मला रोज येते. वॉरिकलाही येते. आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलत बसायचो, आमचं सुरू झालं ते तिथूनच.

लिनेटची मला भीती नव्हती. ती माझी मुलगी, चिडली तरी ख्रिसमसला जेवायला आलीच असती. तुझं तसं नाही. तू माझी झालीस ती आयव्हनची बहीण म्हणून. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू येऊन राहिलीस. आयव्हन गेला त्या आठवड्यात तू माझ्यावर ओरडून ओरडून मला जेवायला लावलंस, आणि नंतर पडवीत एकटी रडलीस, ते मला ऐकू येत होतं. मी दुसरं लग्न केलं की आपण एकमेकींच्या कोण? वॉरिकला विचारलं, तर म्हणाला, तिलाच विचार. म्हणून विचारतेय.

डेझमंडची बायको तुला फोन करेलच. तिच्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून पत्र आजच टाकते. लग्न ऑक्टोबरात, इथेच अंगणात. माझ्या शेजारी उभं राहायला मला तू हवी आहेस. राग आला असेल तर रागातच ये, पण ये.

खाली सही काय करावी याचा बराच वेळ विचार केला. शेवटी मला दुसरं काही लिहवेना.

तुझी वहिनी,
ग्लेनिस