कुकर एक, शेतं दोन

४ फेब्रु., कुंडल
भाई पुन्हा मागं लागला. "ती लाल खूण काढून टाक." हळद शिजवायचा आमचा कुकर एकच, अब्बांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला. तो भाड्यानं शेतावर जातो. आणि ह्याला एका वेळी दोन गिऱ्हाइकं घ्यायचीत! एखादं ऐनवेळी रद्द होतंच, म्हणतो. नाही काढणार. बुकिंगचा प्रोग्राम मी लिहिलाय; दोन बुकिंगच्या वेळा आदळल्या की तो लाल खूण दाखवतो, नाहीतर हिरवी.

७ फेब्रु.
प्रोग्राममध्ये एक भोक होतंच. नवी वेळ जुनीच्या आत सुरू होते का, एवढंच बघत होते. जुनी फक्त दुपारची आणि नवी सकाळ ते संध्याकाळ असली की खुशाल घुसायची. आता अट अशी: नवी जुनी संपायच्या आधी सुरू होते का? आणि जुनी नवी संपायच्या आधी? दोन्ही 'हो', तर टक्कर. बस्स. ट्रॅक्टरनं कुकर ओढून न्यायचा वेळही धरला. अब्बा खूश. "लय डोकं हाय पोरीला." भाई ताटावरून उठला.

१५ फेब्रु.
मी मावशीकडं गेले होते तेवढ्यात. माझ्याच लॅपटॉपवर! भाईनं सांगलीच्या मित्राला बोलावून अट काढून टाकली. आता काहीही भरा, हिरवंच.
"धंदा तू शिकवणार व्हय मला?"
अब्बांना सांगितलं. "सीझन हाय, गप बस."


२१ फेब्रु.
झालं. कुकर इथंच एका शेतावर, आणि तीच वेळ दिलेल्या सुमनकाकी कडेगावला वाट बघत. एकट्या शेत बघतात. बायका लावून हळद काढली, ढीग लावला. भाई फोन उचलेना. शेवटी आमच्या शेडवर आल्या. तर हा चार माणसांत हसत म्हणतो, "काय करू काकी, बहिणीचा प्रोग्राम हाय. पोरींचं काम असलंच."
मी दारात उभी. तशीच मागं फिरले. मागं फिरल्याचाच राग जास्त येतोय.

२२ फेब्रु.
अब्बा : "उद्या कडेगावला चल. कॉम्प्युटर चुकला म्हण. भावाचं नाव गेलं तर गिऱ्हाईक तुटंल."
"आणि माझं नाव?"
"तू काय, घरातलीच हायस."
म्हणजे घरातलीला नाव नसतं.

२३ फेब्रु.
गेलो. काकींनी माझं मनगट धरून हात ढिगात घातला. "बघ." आत गरम. हळदीच्या काही कांड्या सडायला लागून मऊ पडल्यात.
अब्बा माझ्याकडं बघत होते.
"काकी, कॉम्प्युटर चुकला नाही. दोन वेळा एकमेकींवर येतात ते त्याला कळत होतं. भाईनं ते बंद करायला लावलं."
अब्बांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.
काकी म्हणाल्या, "तुमचं घरचं तुमी बघा. माझी हळद कवा शिजतीया?"
"आजच आणतो, ताई," अब्बा म्हणाले.

२४ फेब्रु.
कुकर काकींच्या शेतावर. अब्बा स्वतः थांबलेत. भाई लॅपटॉप मागत होता, दिला नाही. "घर फोडलंस," म्हणाला. म्हण.
अट परत घातली. लगेच परवाच्या दोन बुकिंगवर लाल. दोघांनाही भाईनं शब्द दिलेला. अब्बांना फोन केला. "ह्यातल्या कुणाला 'नाही' म्हणून सांगू?"
पलीकडून नुसता वाफेचा आवाज. मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.