आढं सात फूट

३ मार्च
वही, माफ कर. संक्रांतीपासून एक ओळ लिहिली नाही. छपराच्या काळजीत होतो. स्लॅब गळतो, म्हणून त्याच्यावर पत्र्याचं दोन पाख्यांचं छप्पर घालतोय. कनेरगाव नाक्याच्या ढाब्याला आहे तसंच. मधलं आढं सात फूट उंच. प्लॅन माझाच. सातवीपर्यंत भूमितीत मी पहिला होतो. बायको द्वारकाबाई म्हणाली, "आन् हळद कुठं वाळवू? तुमच्या टकुऱ्यावर?" तिला डिझाइन कळत नाही. दुपारी ती लेकीकडे, पुनमकडे, बाळापूरला गेली. गुडघ्याची तकलीफ असणार. ट्रंक कशाला नेली, समजलं नाही.

९ मार्च
छप्पर झालं. झकास. हळद उतारावरच वाळवायची, हा माझा तोडगा. शिजवलेल्या हळदीचं एक पोतं वर ओतलं. सगळी गडगडत नालीत. मुंजाजी मिस्त्री खाली उभा. म्हणाला, "काका, हळद वाळवून राहिलात का घसरगुंडी खेळून राहिलात?" उतार जरा जादा पडला. एवढंच.

१२ मार्च
आढं चार फुटांवर आणलं. हळद पुन्हा नालीत, पण सावकाश. प्रगती आहे. द्वारकाबाईला फोन करायचा नाही. छप्पर एकदम दाखवायचं.

१३ मार्च
फोन केला. पुनम बोलली. म्हणाली, "आईच्या गुडघ्याला काय झालंय? दिवसातून चारदा जिना चढती." म्हणजे बरी झाली. आज-उद्या येईलच.

१७ मार्च
आली नाही. आढं दीड फूट. मुंजाजी म्हणतो, "काहून रोज खाली आणून राहिले? छप्पर हाय का लिफ्ट?" भात करपला.

२१ मार्च
छप्पर सपाट केलं. हळद थांबली! एक हळकुंड हललं नाही. मुंजाजी म्हणाला, "झालं की काका, स्लॅबावर पत्र्याचा स्लॅब." लगेच फोन लावला. पुनमला म्हटलं, आईला सांग, जागा तयार आहे. तिनं आत जाऊन विचारलं. परत येऊन म्हणाली, "बाबा, आई म्हणती, चाळीस सालांत मला इचारून एक खिळा तरी ठोकला का?"
मी फोन ठेवला.

२२ मार्च
रात्रभर आठवलं. एकही खिळा सापडला नाही.
हे पान फाडून बाळापूरला पाठवतोय. द्वारकाबाई, पत्रे ठेवू का काढू? मुंजाजीला थांबवलंय. तू म्हणशील तसं. पुनमजवळ लवकर निरोप दे.