फोनला मी दिसत नाही

२ जुलै

नवा फोन घेतला. सात लाख रुपिया. दुकानात त्याहून स्वस्त फक्त फोनची कव्हरं होती. विकणारीने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, माझ्याचसाठी. "मग ठीक आहे," म्हणाली. घरी येईपर्यंत तिच्या त्या ‘ठीक’वर विचार करत होतो.

वुर्यानीचं म्हणणं, थोडे जास्त घालून जरा बरा घ्यायचा होता. पण काम एकच आहे — पेन्शन कचेरीचा नवा नियम. दर महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत फोनसमोर बसायचं, चेहरा दाखवायचा आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. महिन्यातून एकदा जिवंत असायला महागडा फोन कशाला? बायकोशी असल्या गोष्टीवर वाद घालत नाही. हिशेब तिला कळतो, तत्त्व कळत नाही.

३ जुलै

बटण दाबून आंघोळीला गेलो. आलो तरी तो कंपनीचं चित्रच दाखवत होता.

लेकीने, एंडाहने सुराबायाहून नातवाचा फोटो पाठवला. फोन म्हणतो, जागा नाही. आता कशाने भरला? मी अजून त्यात काहीच ठेवलेलं नाही! शोधून पाहिलं — तो स्वतःच्याच सामानाने भरलेला आहे. दुसऱ्या कुणाला आत यायला जागाच नाही.

"असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे," वुर्यानी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

५ जुलै, शुक्रवार

जुम्म्याची नमाज. सगळे सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून असताना माझ्या खिशातून एक चिनी बाई ओरडली. बॅटरी संपत आल्याचं सांगत होती म्हणे. तिचा आवाज कमी करता येत नाही — हा फोन एक तर ओरडतो, नाहीतर मरतो. इमामसाहेब थांबले नाहीत, पण त्यांची मान लाल झाली. बाहेर पडताना सगळे माझ्या खिशाकडे बघत होते. आमच्या भिंतीपलीकडचा सुदिकान न्हावीसुद्धा. तो हसला का? त्याच्याशी मी बोलत नाही, त्यामुळे विचारता आलं नाही.

८ जुलै

आज चेहरा दाखवायचा ठरवून बसलो. स्वच्छ शर्ट, विंचरलेले केस.

फोन चेहरा शोधून त्याच्याभोवती चौकोन काढतो. चौकोन हिरवा झाला की माणूस जिवंत. आधी त्याने चौकोन भिंतीवरच्या घड्याळाभोवती काढला. मग वुर्यानीच्या सुपाभोवती. मी दोघांच्या मधोमध बसलो होतो. ‘चेहरा आढळला नाही.’

उजेड कमी पडत असेल म्हणून वुर्यानीने टॉर्च धरला. रंग कमी पडत असेल म्हणून गालांना तांदळाचं पीठ लावलं. तेव्हा कुठे एकदाचा चौकोन माझ्यावर आला. ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ केली. फोनमधल्या माझ्याने ती बऱ्याच वेळाने केली, तोवर इकडे मला पिठाने शिंका सुरू झाल्या होत्या. ‘डावीकडे वळा.’ वळलो. ‘हसा.’

हसलो.

‘कृपया हसा.’

"हसतोच आहे!"

वुर्यानीने पुढे येऊन माझ्याकडे नीट पाहिलं. "हे हसणं आहे? मला वाटलं दाढ दुखतेय."

उभी नोकरी कालव्याच्या दारांवर काढली. तिथे हसणाऱ्या माणसाकडे लोक पाळी नसताना पाणी मागतात. ती सवय आता एका फोनसाठी मोडायची कशी?

१० जुलै

शेवटचा दिवस होता. नाही जमलं.

फोन घेऊन दुकानात गेलो. तीच बाई. आजोबा, या किमतीत पुढचा कॅमेरा नावापुरता असतो, म्हणाली. मग एंडाहच्या फोनवरून करू म्हटलं, तर तेही नाही — एकदा या फोनवर नाव नोंदलं की दुसरा फोन चालत नाही. बदलायचा तर कचेरीत अर्ज. अर्ज केला. त्यांनी नोव्हेंबरातली तारीख दिली आहे.

१ ऑगस्ट

पेन्शन आली नाही. कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीने संगणकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा संगणकाकडे. तिथे लिहिलंय — ‘जिवंत असल्याची खात्री झालेली नाही.’

"पण मी तुझ्यासमोर उभा आहे ना, पोरी?"

"मला दिसताय हो," ती अगदी मायेने म्हणाली. "पण मला दिसून उपयोग नाही. फोनला दिसायला पाहिजे."

घरी आल्यावर रागाने इतका वेळ प्रयत्न केला की फोन इस्त्रीसारखा तापला. वुर्यानीने तो माझ्या हातातून काढून फडक्यात गुंडाळला आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्याला बांधला. बरं वाटतंय म्हणाली. म्हणजे अगदीच वाया गेला नाही.

२ ऑगस्ट

एंडाहकडे जातो आहोत, तीन-चार दिवस. इथे बसून तरी काय होणार?

६ ऑगस्ट

आजचा दिवस नीट लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळच्या बसने परत आलो. या महिन्याचे दहा दिवस संपायच्या आत पुन्हा एकदा बघू म्हणून वुर्यानीने खुर्ची दारासमोर ठेवली, तिथे उजेड चांगला. समोर, दाराकडे तोंड करून, बिस्किटांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि चेहऱ्याची तपासणी चालू होऊ दिली. मी आंघोळीला गेलो.

तिथे मला बाहेरून बायकांचे आवाज ऐकू आले. गल्लीतल्या तीन-चार जणी आल्या होत्या. कुणी तांदूळ आणलेले, कुणी साखर, कुणी तेल. वुर्यानीला वाटलं, नातवाच्या नावाने काही आणलं असेल. तिने हसून घेतलं, वर त्यांना सुराबायाचे किस्से सांगायला लागली. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. दुःखाने बाईचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं — हे मागाहून कळलं.

झालं होतं असं की, कचेरीने आमच्या गल्लीप्रमुख गुनादींना एक यादी पाठवली, ‘खात्री न झालेले’ म्हणून. त्यात माझं नाव. घराला कुलूप. फोन लागत नाही — तो तसाही लागत नाही. गुनादींनी माझ्या नावाला मानाचं ‘पाक’ लावून गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं: पाक हर्सोयो सुराबायाला लेकीकडे गेले. ‘गेले’ आणि यादी एकत्र वाचून लोकांनी काय ते समजून घेतलं आणि मयताच्या घरी नेतात तसे तांदूळ-साखर घेऊन निघाले.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर येत होतो, तेवढ्यात दारात सुदिकान.

सहा वर्षांत त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मांजराने माझा पिंजऱ्यातला गाणारा होला खाल्ला आणि हा भिंतीवरून म्हणाला, "तसाही म्हातारा झाला होता." त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याआधी तो मला ‘मास’ म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

तर तो दारात उभा. डोक्यावर काळी टोपी, हातात साखरेची पिशवी, डोळे भरलेले. पाणी आवरायला त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. मग डावीकडे वुर्यानीकडे वळून विचारायला लागला, कसं झालं, शेवटी फार त्रास झाला का? आणि मी न्हाणीघरातून ओल्या केसांनी समोर आलो.

त्याने मला पाहिलं. तोंड उघडं पडलं. आणि मग — कसं लिहू — तो हसला. दोन्ही कानांपर्यंत. उरलेल्या आणि पडलेल्या सगळ्या दातांनिशी. मला बघून एवढं कुणी हसलेलं मला आठवत नाही. लग्नातसुद्धा नाही.

बिस्किटांच्या डब्याजवळून जोरात आवाज आला: ‘धन्यवाद, श्री. हर्सोयो. आपण जिवंत आहात.’

फोन आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर चालला होता.

सुदिकानने साखर खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली आणि निघून गेला. बायका तांदूळ परत मागावेत की नाही या विचारात जरा वेळ उभ्या राहिल्या.

७ ऑगस्ट

काल वाजायला हवा होता तेवढा फोन आज वाजतो आहे. सकाळपासून सांत्वन घेतोय. मीच बोलतोय म्हटलं की लोक ठेवून देतात.

१ सप्टेंबर

दोन्ही महिन्यांची पेन्शन जमा! पण आता पुन्हा चेहरा.

पुन्हा चाळीस खटपटी. चौकोन सुपाभोवती. वुर्यानी म्हणाली, जा भिंतीपलीकडे. म्हटलं, त्यापेक्षा मेलेला बरा. "ते तर आहातच," ती म्हणाली.

७ सप्टेंबर

गेलो नाही.

९ सप्टेंबर

गेलो. सुदिकानच्या दुकानात कुणाची तरी दाढी चालू होती. बाकावर बसून राहिलो. गिऱ्हाईक गेल्यावर फोन पुढे केला आणि काय हवंय ते सांगितलं. मागणं मला जमत नाही, त्यामुळे ते हुकमासारखं निघालं.

तो माझ्या डोक्याकडे बघत होता. "तुमचे केस कोण कापतो हल्ली?"

"नदीपलीकडचा एक आहे."

"सहा वर्षं मी हे भिंतीवरून बघतोय," तो म्हणाला. "मला सहन होत नाही. आधी खुर्चीत बसा."

बसलो. बराच वेळ नुसती कात्री वाजत होती. मग मानेवर वस्तरा असताना म्हणाला, "होला म्हातारा झाला होता, असं मी म्हणायला नको होतं." वस्तरा मानेवर असताना बोलू नये. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मांजरही गेलं. मागल्या वर्षी."

मग हात पुसून तो फोनसमोर बसला. पापण्या, डावीकडे, हसू. पहिल्याच फटक्यात हिरवा चौकोन. ‘आपण जिवंत आहात.’

"बघा, मास," तो म्हणाला. "सोपं आहे."

केस छान कापलेत. वुर्यानीला सांगितलं नाही, तिने स्वतःच दोनदा वळून पाहिलं.

१ ऑक्टोबर

आज आपणहून आला. पाहतो तर मिशी माझ्यासारखी कापलेली! फोनला शंका नको म्हणून, म्हणाला. इस्त्रीचा शर्टही घातला होता. माझ्या खुर्चीत बसला — उजेड तिथेच चांगला. वुर्यानीने केळ्याची भजी तळली होती ती आधी त्याच्यापुढे ठेवली, माझ्या ताटलीत. फोन म्हणाला ‘श्री. हर्सोयो’ आणि हा म्हणाला, "हं."

मला राग आला. पण कुणाचा? खुर्चीत मीच बसलेलो, भजी मीच खातोय, फोन मलाच धन्यवाद देतोय. आणि दारात उभा राहून हे सगळं बघतोय तो कोण?

गल्लीतली पोरं आता त्यालाच ‘पाक हर्सोयो’ म्हणून हाक मारतात. तो ओ देतो. गुनादींनी कालव्याच्या पाण्यावरून काही विचारलं, तर त्यावरही मत देऊन आला म्हणे. चुकीचं मत!

१८ ऑक्टोबर

सुदिकानला ताप. खोकलाही. घरात एकटाच असतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी आल्याचा काढा दिला, दुपारी पेज, मग संध्याकाळसाठी पुन्हा काढा उकळत ठेवला. वुर्यानी म्हणाली, माझ्या गुडघ्याला कधी एवढं केलं नाहीत.

म्हटलं, "अगं, त्याला काही झालं तर मी मेलोच ना."

मी पेन्शनबद्दल बोलत होतो. पण भिंत पातळ आहे. संध्याकाळी काढा घेऊन गेलो तेव्हा त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डोळ्यांत पाणी. मी खुलासा करणार होतो.

केला नाही.

२१ ऑक्टोबर

ताप उतरला. मला काल रात्रभर झोप लागली.

२७ ऑक्टोबर

सुदिकान दुकानात बसायला लागला. त्याच्याकडे आता रोजच कॉफीला जातो. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगतो — कोण टक्कल झाकायला काय काय करतं. माणूस फार बडबड्या. आधीही होता. विसरलो होतो.

१ नोव्हेंबर

वुर्यानी बाजारात. सुदिकान अजून यायचा होता. कॅमेऱ्याची काच कमरेच्या सारोंगच्या टोकाने पुसत होतो आणि कालची त्याची एक गोष्ट आठवून हसू आलं — एका टकल्या मास्तरची. चौकोन आला. माझ्याभोवती. हिरवा. ‘धन्यवाद, श्री. हर्सोयो. आपण जिवंत आहात.’

घाईने फोन बंद केला.

सुदिकान दारात आला. मिशी नीट कापलेली, शर्टाला इस्त्री. विचारलं, "काय मास, आज तरी दिसलात का?"

"नाही रे," म्हटलं. "बस खुर्चीत."