आप्पांसमोरची खुर्ची

१४ मार्च २०१६

घेतली! दीडशे रुपयांत. गावची दूध सोसायटी बंदच पडली — जनावरं चारा छावणीत, दूध कुठलं येणार? म्हणून सोसायटीचं सामान विकायला काढलं होतं. चेअरमनची लाकडी खुर्ची. एक पाय लंगडा, बैठक फाटलेली, अंगावर रंगाचे थर. बोली लावायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मी स्वतःवरच दोनदा बोली वाढवली म्हणे. हे अजून हसतायत.

हसू देत. गुडघ्यांसाठी बीडच्या डॉक्टरांनी बजावलंय — खाली बसायचं नाही, जास्त उभं राहायचं नाही, हात असलेली खुर्ची घ्या. जन्मभर अंगणवाडीत पोरांबरोबर जमिनीवर बसले, त्याची ही पेन्शन. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची गेल्या महिन्यात माझ्यासकट मोडली. दोष कंपनीचा. माझ्या वजनाबद्दल इथे काही लिहिणार नाही.

१५ मार्च

खरी अडचण लंगड्या पायाची नाही, आप्पांची.

आप्पा म्हणजे थोरले दीर. केशरबाई, माझ्या जाऊबाई, गेल्यापासून रोज सकाळी चहाला आमच्याकडे येतात. ओसरीवर तासभर बैठक. आणि थोरल्या दिरासमोर बसायचं नाही! हे मला कोणी शिकवलं नाही, पण लग्न झाल्यापासून मी बसलेही नाही. दाराची चौकट धरून उभी. आप्पा माझ्याशी थेट बोलतही नाहीत. मी दोन हातांवर असते आणि ते यांना सांगतात, "बद्री, साखर कमी झाली म्हनावं." मग हे माझ्याकडे बघतात. मी साखर आणते. यांचं काम फक्त बघायचं.

ठरलं. पाडव्यापर्यंत खुर्ची तयार करायची आणि पाडव्याला आप्पांसमोर बसून चहा प्यायचा. लिहून ठेवते, म्हणजे माघार नको.

१९ मार्च

मी युसूफ वडगाव या गावी पाशाभाईंकडे गेले. फर्निचरला पॉलिश करतात. त्यांनी जी मजुरी सांगितली तीत नवी खुर्ची आली असती. माझं तोंड बघून म्हणाले, "बाई, तुमीच करा. मी सांगतो कसं ते. पर मी सांगितलं म्हनून कुनाला सांगू नका, धंदा बसंल." धुण्याच्या सोड्यानं रंग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, मग स्पिरिटात विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यानं लावायची. "बाकी काई न्हाई, फक्त धूळ बसू देऊ नका."

मार्च महिन्यात. आमच्या गावात. बरं.

२२ मार्च

रंग काढायचा तर पाणी हवं, आणि टँकर येतो त्याच्या मर्जीनं. शेवटी कपडे धुतलेलं पाणी वापरलं. आधी कपडे, मग खुर्ची, उरलेलं कडुलिंबाला. तरी भिंतीपलीकडून शेजारच्या बायनाबाई ओरडल्याच — "मानसाला प्यायाला पानी न्हाई आन् ताराबाई खुर्चीला न्हाऊ घालायल्यात!"

म्हटलं, ह्याच पाण्यात तुम्हाला न्हायचं असेल तर बादली देते.

वर गुलाबी, त्याखाली निळा, त्याखाली पिस्ता. प्रत्येक नव्या चेअरमननं आधीच्याचा रंग झाकलेला! दुधाचा दर काही कोणाला बदलता आला नाही.

२६ मार्च

तळाशी सागवान! खरंखुरं. मी नाचायचीच बाकी होते (गुडघे). हे वाकून बघायला आले आणि म्हणाले, "ही तर आप्पाची. पयला चेअरमन झाला तवा बीडहून यष्टीच्या टपावर टाकून आनलती."

म्हणजे आता आप्पांसमोर आणि तेही आप्पांच्याच खुर्चीवर! वाटलं, बायनाबाईंना देऊन टाकावी. मग उठायला गेले, तर भिंत धरूनही उठता येईना. नाही द्यायची.

२९ मार्च

पॉलिशचा पहिला हात दिला, आणि वावटळ! खुर्चीवर गावची अर्धी माती चिकटली. पुन्हा घासणं आलं.

२ एप्रिल

आता घरातच, मच्छरदाणी लावून. खुर्ची मच्छरदाणीत, आम्ही डासांत. "हिचा एवढा थाट आपल्या लग्नात बी नव्हता," हे म्हणाले. बैठकीला वेत परवडेना, जुन्या पलंगाची नवार विणली. थोडी तिरकी झालीय. बसल्यावर कोणाला दिसणार?

४ एप्रिल

खुर्ची ओसरीवर आणून ठेवली. आप्पा आले. उभ्यानंच खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. यांना विचारलं, "कुनासाठी हाय म्हनावं?"

हे तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. पण सरळ म्हणाले, "हिच्यासाठी. गुडघे लई दुखत्यात. उभं ऱ्हावत न्हाई तिला."

आप्पा अर्धा चहा ठेवून गेले. मी चौकट धरूनच होते.

५ एप्रिल

आप्पा आले नाहीत.

६ एप्रिल

आजही नाही. रुसले! एवढं वय झालं, आणि खुर्चीवरून पोरासारखा रुसवा. सोसायटीच्या निवडणुकीत पडले तेव्हाही असेच घरात बसले होते म्हणे.

बसून चहा प्यायले. गुडघ्यांना बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लक्ष सगळं दाराकडे होतं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. आप्पा सणालासुद्धा आले नाहीत. यांच्याबरोबर पुरणपोळी पाठवली. परत आले ते म्हणाले, "खाल्ली. बरं हाय म्हनला." एवढंच! मी रागावलेय. आयुष्यभर त्यांच्यासमोर उभी राहिले, चार दिवस बसले तर एवढं आभाळ कोसळलं? लाकूड सरपणाला जायचं ते मी वाचवलं, त्याचं काहीच नाही! माझं काही चुकलेलं नाही. रात्री जेवण मात्र गेलं नाही.

९ एप्रिल

तांब्यात चहा घेऊन मीच गेले. भांडायला. सगळी वाक्यं वाटेत जुळवली होती.

आप्पा एकटेच. समोर स्वतः केलेला कोरा चहा. मी गेले आणि सवयीनं चौकट धरून उभी राहिले. आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "बद्रीला म्हनावं, मी रुसलो न्हाई. मी तितं असलो की तिला उभं ऱ्हावं लागतंय. केशरचे बी गुडघे दुखायचे, तिला मी कदी बस म्हनलो न्हाई. आता म्हनाया जमत न्हाई. म्हनून येत न्हाई."

हे घरीच होते. तिथं आम्ही दोघंच.

समोर बाज होती. मी बसले. तांब्यातला चहा दोघांना ओतला.